घर विकलं की चर्चही सुटतं का?

माडाची_सावली
लोकहो, जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत वडील गेले. वसईतल्या आमच्या गावी. मी लग्नापासून म्हणजे अठरा वर्षं मीरा रोडला आहे. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणं केव्हाच सुटलंय. नाताळ, ईस्टर आणि कोणाचं लग्न, एवढीच हजेरी. दादा मस्कतला.

पहाटे साडेचारला आईचा फोन आला. आम्ही पोचेपर्यंत सहा वाजून गेले. बघते तर अंगणात खुर्च्या लागलेल्या, शवपेटी सांगून झालेली, फादर येऊन प्रार्थना करून गेलेले. आळीतल्या दोघीजणी आमच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभ्या होत्या. साखरेचा डबा कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. आईने कधीतरी जागा बदललेली. तेवढ्यात चर्चची घंटा झाली, एक ठोका, मग मोठी शांतता, मग दुसरा. दारातल्या एका काकांनी टोपी काढली तेव्हा मला कळलं, ही आपल्या पप्पांची.

पुढे सात दिवस रोज संध्याकाळी माणसं रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला यायची. कोणाला बोलावलं नव्हतं.

आता आई माझ्याकडे येणार आहे आणि घर विकायचं घाटतंय. कुटुंबाची वर्षाची वर्गणी भरायला चर्चच्या ऑफिसात गेले तर तिथल्या बाईंनी सहज विचारलं, "घर गेल्यावर नाव ठेवायचं की काढायचं?" मला उत्तरच देता आलं नाही. आईचं एकच म्हणणं आहे, मला मात्र ह्यांच्याजवळच ठेवा.

तर प्रश्न असा. धर्मग्राम, पॅरिश म्हणतो ते गावासाठी नक्की असतं काय? प्रार्थनेची जागा, की ग्रामपंचायतीसारखं काहीतरी? आणि जो तिथे राहत नाही, मिस्सेला जात नाही, त्याचा त्याच्यावर हक्क कितपत?

बावखल
सावलीताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं.

मी तुमच्या बाजूच्याच गावचा, हिंदू वाडवळ. आमच्या आळीत चार घरं आमची, बाकी सगळी ख्रिस्ती. माझे आजोबा गेले तेव्हाही खुर्च्या चर्चच्या हॉलमधूनच आल्या होत्या, आणि त्या उचलून आणणारी पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळणारी तीच. दुपारी बाराच्या घंटेला आमची माणसं वाडीतलं काम टाकून भाकरीला बसायची. घड्याळ कोणाच्याच हातात नव्हतं. ती घंटा प्रार्थनेची आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं, तोवर ती जेवणाचीच होती.

पोपट_नाना
घंटेचा विषय निघालाच आहे तर. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा थेट देशावर गेल्या. नाशिकचं नारोशंकर, भीमाशंकर, वाईजवळचं मेणवली. अजून तिथे टांगलेल्या आहेत. म्हणजे वसईच्या घंटेने वाजायचं काम कधी सोडलं नाही, फक्त धर्मग्राम बदललं.

विहिरीतला_बेडूक
नाना, म्हणजे घंटेचंही नाव एकीकडून काढून दुसरीकडे घातलं. वर्गणी कोणी भरली?

पोपट_नाना
पेशव्यांनी.

कॅनन_काका
विनोद चालू द्या, मी नियमाचं सांगतो. बरीच वर्षं पॅरिश कौन्सिलवर होतो, त्यामुळे ही पुस्तकं चाळावी लागली.

पॅरिश म्हणजे इमारत नव्हे. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, पॅरिशची व्याख्या इमारतीने नाही, माणसांनी केली आहे. बिशपांनी एका धर्मगुरूच्या हवाली केलेला श्रद्धावंतांचा समुदाय. आणि हा समुदाय साधारणपणे हद्दीने ठरतो. अमुक रस्त्यापासून तमुक खाडीपर्यंत राहणारे सगळे कॅथलिक त्यात आले. तुम्ही चर्च निवडत नाही, तुमचा पत्ता ते निवडतो. कायम राहायच्या इराद्याने एखाद्या जागी आलात, किंवा पाच वर्षं पूर्ण राहिलात, की तिथला धर्मगुरू तो तुमचा धर्मगुरू. त्या हिशेबाने ताई, तुम्ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीच मीरा रोडच्या झालात. आईही राहायला आल्या की होतील.

दफनाचं मात्र वेगळं. पॅरिशची स्वतःची दफनभूमी असेल तर तिथल्या माणसाने तिथे जायचं हा सर्वसाधारण नियम. पण दुसरी जागा निवडायची मोकळीक माणसाला आहे. तेव्हा आईंची इच्छा बेकायदा नाही. जागा आहे की नाही आणि तिथले नियम काय, हे आधी फादरना भेटून विचारा. शक्य तर आईंकडून लिहून घ्या.

खाडीपलीकडे
काकांनी "जागा आहे की नाही" हे हळूच सांगितलं, मी मोठ्याने सांगते. आमच्याकडे कबर कायमची नसते. काही वर्षांनी उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, त्या जागी दुसरं माणूस. माझ्या आईला बाबांशेजारी ठेवायचं असं आम्ही ठरवलं होतं. ती गेली तेव्हा बाबांच्या शेजारी तिसरंच कोणीतरी होतं, दोनच महिन्यांपूर्वीचं. मग कोनाड्यात बाबांच्या बाजूची जागा मिळाली, तीही पाच वर्षांनी. दोघं आता शेजारी आहेत, पण मधली पाच वर्षं वेगळी राहिली. आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, तेवढीच विश्रांती.

माडाची_सावली
@खाडीपलीकडे, वाचून आधी रडू आलं आणि मग हसू. आईला वाचून दाखवलं. ती म्हणे, "कोनाडा चालेल, पण मीरा रोड नको."

एकटी_पणती
इथे सगळे खुर्च्या आणि चहाने भारावलेत म्हणून एक कडू घोट.

ज्यांना साखरेचा डबा कुठे आहे ते माहीत असतं, त्यांना बाकीचंही सगळं माहीत असतं.

मी गायकवृंदात अकरा वर्षं गायले. लग्न मोडलं, तेव्हा कोणी मला "येऊ नकोस" म्हणालं नाही. फक्त सरावाची वेळ बदलली की निरोप माझ्यापर्यंत पोचेनासा झाला. तीन वेळा मी जाऊन बंद दार बघून परत आले. चौथ्या वेळी गेले नाही. एकाही बाईने विचारलं नाही की का येत नाहीस. माझी आई आजारी पडली तेव्हा ह्याच बायका डबे घेऊन आल्या, आणि डबे खरंच प्रेमाने आणले होते, हे विशेष. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गाव असंच असतं, चर्च म्हणजे गावच, फक्त रविवारचे कपडे घातलेलं. आता शहरात मी कुठल्याच चर्चची नाही आणि मला रात्री झोप चांगली लागते.

बावखल
पणतीताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या देवळाच्या उत्सव समितीतही अक्षरशः हेच होतं. निरोप पोचत नाही.

कॅनन_काका
@एकटी_पणती, नुसत्या घटस्फोटाने कोणी चर्चबाहेर जात नाही, कम्युनियनही (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद) बंद होत नाही. प्रश्न येतो तो चर्चने पहिलं लग्न रद्दबातल न ठरवता दुसरं केलं तर. तुमच्यावर अन्याय झाला तो नियमाने नाही, माणसांनी केला.

एकटी_पणती
काका, दार नियमाने बंद झालं काय नि माणसांनी केलं काय, बाहेर उभं राहिल्यावर सारखंच दिसतं.

नगरी_मंडळी
आमच्याकडची पद्धत वेगळी, म्हणून लिहितो. मी नगर जिल्ह्यातला, प्रॉटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, त्या झाडाची आम्ही फांदी. आमच्यात हद्दीपेक्षा "मंडळी" हा शब्द मोठा. सभासद मंडळीचा असतो, गल्लीचा नाही. पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेली माणसं वर्षानुवर्षं गावच्याच मंडळीत नाव ठेवतात आणि नाताळात वर्गणी घेऊन येतात. पाळकसाहेबांचा पगार त्यातूनच व्हायचा, त्यामुळे पंचकमिटीच्या सभेत पाळकसाहेबांचा आवाज जरा खालच्या पट्टीत असायचा.

आणि मंडळी म्हणजे आमच्याकडे आधी गाणं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांची पदं पाठ. टाळ घेऊन बसायची. शेजारचे वारकरी आजोबा ओट्यावर येऊन ऐकायचे आणि एखादी ओळ चुकली की तेच दुरुस्त करायचे.

कॅथलिक मंडळींचं आमच्या बाजूचं मोठं ठिकाण म्हणजे श्रीरामपूरजवळचं हरेगाव. सप्टेंबरातली मतमाउलीची, म्हणजे मारिया मातेची यात्रा. तिथे नवस फेडायला येणाऱ्याला कोणी त्याचा धर्मग्राम विचारत नाही.

पुणेरी_चहा
आधणाचा उल्लेख वाचून राहवलं नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी मंडळी जमवली, चहा-बिस्किटं पुढे आली आणि नंतर नावं छापून आणली. लोकमान्य, न्यायमूर्ती रानडे, सगळे ग्रामण्यात, म्हणजे ख्रिस्त्यांकडचा चहा घेतल्यावरून उठलेल्या जातिबहिष्काराच्या वादात अडकले. प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. सावलीताईंच्या घरी बावखलराव चहा प्यायले असतील तर त्यांनी कृपया नाव छापू देऊ नये.

बावखल
दोन कप प्यायलोय आजवरच्या हिशेबाने नव्हे, एका बैठकीत. छापा.

हिशेबनीस
ग्रामपंचायतीसारखं काहीतरी का, असं ताईंनी विचारलं, त्यावर कोणीच बोललं नाही. मी बोलतो, कारण माझ्या मते वसईत चर्चने पंचायतीच्याही पलीकडची कामं केली आहेत.

एक, पैसा. मॉन्सिन्योर मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ मध्ये पतसंस्था काढली. सावकाराकडे जमीन गहाण टाकणाऱ्या शेतकऱ्याला पर्याय मिळाला. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. माझ्या आजोबांनी तिथून कर्ज काढून विहिरीवर इंजिन बसवलं. ते इंजिन आमच्याकडे अजून आहे, चालत नाही, पण भंगारात द्यायची कोणाची छाती नाही.

दुसरं, पाणी आणि जमीन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टँकरवाले विहिरी उपसत होते आणि बिल्डर वाड्या गिळत होते, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईचं आंदोलन घेऊन उभे राहिले. तेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चर्चच्या आवारात सभा, मिस्सेनंतर निवेदनांवर सह्या. सर्व धर्मांची माणसं होती त्यात.

आणि हिशेब. प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थ समिती असणं बंधनकारक आहे, पॅरिश कौन्सिलचं तसं नाही, तिथे बिशपांवर सोडलंय. माझा आग्रह एवढाच की वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लागला पाहिजे. आमच्याकडे आधी लागायचा नाही. तीन वर्षं मी दर सभेत उठून विचारलं. मला "हिशेबनीस" नाव त्यावरून पडलं, आणि ते कौतुकाने पडलेलं नाही.

विहिरीतला_बेडूक
मला हेच पटत नाही. धर्मगुरूने धर्म सांगावा. पाणी, जमीन, महापालिका ह्यात पडलं की उद्या मत कोणाला द्यायचं तेही वेदीवरून सांगणार. आणि मग दुसऱ्या धर्माच्या माणसाने तसंच केलं तर आपण कुठल्या तोंडाने बोलायचं?

हिशेबनीस
मत सांगू नये, मान्य. पण विहीर आटली तर ती कॅथलिक म्हणून आटत नाही. दहा गावांत एका हाकेला माणसं जमवू शकेल असा दुसरा कोण होता तेव्हा? पक्ष बिल्डरांकडे बघून होते.

विहिरीतला_बेडूक
माझा आक्षेप तोच आहे. दुसरा कोणी नव्हता, ही गावाची कमजोरी. त्याला चर्चची थोरवी का म्हणायचं?

(माझं टोपणनाव विहिरीवरूनच आहे, आणि ती विहीर अजून भरलेली आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

वेदीसेवक_माजी
भाषेचं कोणी बोललं नाही. माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची. लॅटिन मिस्सा तिने पन्नाशी उलटेपर्यंत ऐकली, शब्द कळायचा नाही, बाया आपापली रोझरी म्हणत बसायच्या. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आजीचं पहिलं वाक्य, "इतकी वर्षं हा माणूस हेच बोलत होता होय?"

आता चक्र उलटं फिरलंय. नव्या कॉम्प्लेक्समध्ये गोवा, मंगळूर, केरळ सगळीकडचे लोक आलेत. रविवारी आठची मराठी, साडेनऊची इंग्रजी. आमच्या गावातली पोरं इंग्रजीच्या मिस्सेला जातात. तरी फलकावर दोन्ही भाषांतल्या सूचना एकाच पेनाने लिहिलेल्या असतात, आणि चपलांचा ढीग एकच.

खाडीपलीकडे
माजी, चपला? आमच्याकडे बूट घालूनच आत जातात. आमचा पॅरिश पुढारलेला दिसतो.

वेदीसेवक_माजी
आमच्याकडे हॉलमध्ये मिस्सा होते, चर्चचं छप्पर दुरुस्तीला आहे. चार वर्षं. @हिशेबनीस, या एकदा.

हिशेबनीस
येतो. छापील पावतीपुस्तक काढून ठेवा.

कॅनन_काका
ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, सगळे भरकटले. मीही.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुमचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, त्या चर्चच्या नोंदवहीतली तुमची नोंद तिथून कधीच हलत नाही. नोंदवह्या ठेवायचा दंडक जुना, १५६३ पासूनचा, ट्रेंटच्या परिषदेने घातलेला. पुढे दृढीकरणाचा संस्कार कुठेही होवो, लग्न कुठेही होवो, तिथल्या पॅरिशमधून बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवतात आणि तुमच्या नोंदीच्या बाजूला, समासात, ते लिहिलं जातं. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला ताजा मागतात तो त्यासाठीच, समासात आधीच एखादं लग्न लिहिलेलं नाही ना ते बघायला.

तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी विचारलं ते कुटुंबाच्या यादीतलं नाव, वर्गणीचं. ते ठेवा नाहीतर काढा, तुमची मर्जी. वहीतलं नाव काढायचा कोणाला अधिकार नाही. तुम्ही मिस्सेला जा, न जा.

एकटी_पणती
म्हणजे माझंही आहे तिथे. समासासकट.

कॅनन_काका
आहे.

एकटी_पणती
हं.

माडाची_सावली
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले, म्हणून लिहिते.

फादरांना भेटले. तरुण आहेत, वर्षभरापूर्वीच बदलून आलेत, पप्पांना फार ओळखत नव्हते आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं. दफनाबद्दल म्हणाले, मोकळी जागा असेल तेव्हा जी असेल ती, शेजार सांगता येणार नाही, पण कोनाड्याचं लिहून ठेवतो. आईने सही केली. आधी चष्मा सापडेना म्हणून ऑफिसातल्या बाईंचा लावला.

मग मी विचारलं, वही बघता येईल का. काकांचं वाचून विचारलं खरं, पण विचारताना ओशाळल्यासारखं झालं. बाईंनी दोन मोठ्या वह्या काढल्या. कोपरे कुरतडलेले, मलपृष्ठाला खाकी कागद. पप्पांची नोंद लॅटिनमध्ये आहे. त्यांचं नावही लॅटिन, ज्या नावाने घरात कोणी त्यांना कधी हाक मारली नाही. समासात आईशी झालेलं लग्न, वेगळ्या शाईत. आईने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तारीख चुकीची आहे, आदल्या दिवशी झालं." बाई म्हणाल्या, "आता नाही हो बदलता येत." दोघींची त्यावर दहा मिनिटं गेली.

माझी नोंद दुसऱ्या वहीत. समासात नवऱ्याचं नाव, त्याच्या चर्चचं नाव, तारीख बरोबर. अठरा वर्षांपूर्वी कोणीतरी मीरा रोडहून कळवलं आणि इथे कोणीतरी बसून लिहिलं. मला ह्याचा पत्ताही नव्हता.

कुटुंबाच्या यादीतलं नाव तूर्त ठेवलंय. बेडूकराव आणि पणतीताई, तुमचं म्हणणं डोक्यात आहे, विसरलेले नाही. मीरा रोडच्या चर्चमध्ये आईचं नाव घालायला येत्या रविवारी जाणार आहे. मिस्सा कितीची असते तेही मला माहीत नाही, फलक बघावा लागेल.

घराला गिऱ्हाईक आलंय. तिथली सगळी भांडी आईने आळीत वाटून टाकली. साखरेचा डबा त्या दोघींपैकी थोरलीने मागून घेतला.

खाडीपलीकडे
आत साखर होती का?

माडाची_सावली
अर्धा.